सव्वातीन फुटांचा उजेड

कडेने उजेड पडणारा एक माउसपॅड घ्यायचा, एवढंच ठरलं होतं. आज त्या वस्तूला माउसपॅड म्हणायचं की सतरंजी, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आणि दोन्ही मतांच्या लोकांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलंय की तो इतका झकास झाला तो आपल्यामुळेच. म्हणून खरं काय घडलं ते मीच लिहून ठेवते. मी नववीत आहे, माझं अक्षर बरं आहे, आणि या प्रकरणात दोषींच्या यादीत माझा नंबर फक्त चौथा आहे.

आमच्या शाळेचा संगणकावर खेळणाऱ्यांचा पाच जणांचा संघ आहे. चार जागा भरलेल्या, पाचवीसाठी चाचणी. चाचणी आपापल्या घरून द्यायची आणि कॅमेरा तोंडावर न ठेवता हातावर ठेवायचा, हा संगणकाच्या बाईंचा नियम. एकदा कुणाच्या तरी दादाने गुपचूप खेळून दिलं होतं म्हणे. मागच्या सहामाहीत मी चाचणी दिली तेव्हा कॅमेऱ्यात माझा हात दिसला आणि हाताखाली इतिहासाची वही दिसली. काय करणार? माझ्या टेबलाचा सनमायका इतका चकचकीत आहे की माउस त्यावर भांबावतो. खेळ ऐन रंगात आला असताना पंख्याच्या वाऱ्याने वहीचं पान उलटलं आणि माझा माउस तहाच्या कलमांखाली गाडला गेला. संघाची कॅप्टन दहावीतली आहे, ती जास्त बोलत नाही. ती म्हणाली, "वही बाद."

त्या दिवसापासून माझं नाव वही. सहावीतली चिल्लीपिल्लीसुद्धा पाण्याच्या नळापाशी मला "वहीताई, तुझं झालं का भरून" म्हणतात. हे ताई लावणं तर जास्तच लागतं.

तेव्हा मी रडले होते. आता मी तशी राहिलेली नाही. पूर्ण सुट्टी मी रोज सराव केला, आईच्या हाताखाली काजं-बटणं करून माउसपॅडपुरती कमाई केली, आणि जाहीर केलं की यंदा मी चाचणी देणार आणि माझ्या हाताखाली सात रंगांचा उजेड असणार. बाईंनी या वेळी रेघ आखून दिली होती: पडद्यावर तीस गोल येणार, त्यातले चोवीस टिपले की संघात. मागच्या वेळी मी अकरा टिपले होते. अकरावरून चोवीसवर जायला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगायचे, "माउसपॅड."

आता आईबद्दल सांगितलंच पाहिजे. आई कटिंग मास्टर आहे. कोट कापते आणि शिवते, त्यातही वकिलांचे काळे कोट जास्त. पुढच्या खोलीत तिचं कापायचं टेबल आहे, सहा फूट लांब आणि कंबरेइतकं उंच, कारण ती उभ्याने कापते. मोठ्या दुकानांतले मास्तर अवघड कापड तिच्याकडे पाठवतात आणि निरोपात तिला वहिनी वगैरे म्हणत नाहीत, "मास्टर" म्हणतात. मला याचा किती अभिमान आहे ते मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की ती लगेच "मग ही काजं घे" म्हणते.

तर आम्ही दोघी संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर तीन माउसपॅड पसरले आणि दिवे लावले. माझं तर भान हरपलं. कडेकडेने लाल धावतोय, त्याच्यामागून हिरवा, त्याच्यामागून निळा. एका बटणाने लाट, दुसऱ्याने इंद्रधनुष्य, तिसरं दाबलं की उजेड हळूहळू मोठा व्हायचा आणि मालवायचा, झोपलेल्या मांजराचं पोट हलतं तसा.

"हा स्पीडचा, माउस पळतो. हा कंट्रोलचा, थांबवाल तिथे थांबतो," दुकानदार म्हणाला. "ताईला कुठला दाखवू?"

आईने एक पॅड उचलला, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, उलटा केला, कड डोळ्यांजवळ नेली.

"कडेचा ओव्हरलॉक बरा आहे. या कोपऱ्यात टाका सुटलाय."

"काकू, हे गेमिंगचं आहे."

"कापडच आहे ना? मग वीण बघायला नको? ही बघा, आडवी मोकळी आहे. सहा महिन्यांत इथून झिजेल."

दुकानदाराने मोबाइलचा टॉर्च लावला आणि स्वतःच वाकून बघायला लागला. पाच वर्षं तो हे विकत होता, पण वीण त्याला कुणी विचारली नव्हती. मग त्याने आतून आणखी एक आणला, आईने तो नापास केला. आणखी एक आणला. तोही. चौथ्याला आईने मान डोलावली तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला की जणू निकाल त्याचाच लागला होता.

घोडं अडलं मापावर. लहान पॅड कीबोर्डपाशीच संपत होता आणि मोठा टेबलाबाहेर जात होता. तिथे आईने ते वाक्य उच्चारलं, ज्यापासून सगळं सुरू झालं.

"रेडीमेड कुणाला कधी नीट बसलंय? मापानं करून घे."

आणि त्या भल्या माणसाने, स्वतःचं गिऱ्हाईक हातचं जात असताना, मापाने माउसपॅड करून देणाऱ्या एका कारखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. "कापड हेच वापरतात," तो आईला म्हणाला. "तुम्ही पास केलेलं."

इथून पुढे मी सावकाश लिहिते, कारण चौकशीत हा भाग महत्त्वाचा ठरला.

माझं टेबल छत्तीस इंच लांब आणि वीस इंच रुंद. डावीकडे भिंत, उजवीकडे कपाट. पॅड हवा बत्तीस बाय सोळा. आईने टेप लावून माप घेतलं, खडूने कापडाच्या चिंधीवर लिहिलं आणि चिंधी मला दिली. चिंधीवर होतं चौतीस बाय अठरा. आईने दाब धरला होता. दाब म्हणजे शिवणीत आत जायला सोडतात तो जास्तीचा भाग. आई पंचवीस वर्षं दाब धरूनच माप लिहीत आलीय, तिला तसं वेगळं सांगावं लागतं हेच माहीत नाही.

बाबा छापखान्यात बाइंडिंगला आहेत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, म्हणून ऑर्डरचा कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी चिंधीवरचं माप बघितलं, "पक्कं माप दिसतंय" असं पुटपुटले, आणि कटाईला म्हणून इंच-इंच दोन्ही बाजूंनी वाढवलं. छत्तीस बाय वीस. छापखान्यात कागद कधी नेमक्या मापाचा घेत नाहीत, कडा कापून सारख्या कराव्या लागतात. हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कोण श्वास घेतल्याचं सांगत बसतं?

मग तो कागद शेजारच्या सुतारकाकांना दाखवला, कारण टेबल त्यांनी बनवलेलं. फार सुंदर टेबल आहे ते, एक खिळा दिसणार नाही. "येऊन बघा ना," मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? माझी टेबलं मला तोंडपाठ आहेत," काका म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून छत्तीसचे अडतीस आणि विसाचे बावीस केले. "करवतीत जातं, रंध्यात जातं. जास्तीचं कापता येतं बाळा, कमी पडलं तर जोडणार कशाने?"

कागद माझ्याकडे परत आला तेव्हा मी काय करत होते? मी दिव्यांच्या सात प्रकारांतून एक निवडत होते. पहिल्या दिवशी लाट आवडली, दुसऱ्या दिवशी इंद्रधनुष्य, तिसऱ्या दिवशी मी शाळेत बाकावर बोटांनी लाटेचा वेग मोजत होते. कारखान्याच्या फॉर्ममध्ये माप सेंटिमीटरमध्ये हवं होतं. मी गुणाकार केला, शहाण्णव पूर्णांक काहीतरी आलं, दिसायला ओबडधोबड होतं म्हणून शंभर लिहिलं. रुंदीचे छप्पन आले, ते एकटे बरे दिसेनात म्हणून साठ केले.

हा माझा चौथा नंबर.

शुक्रवारी पॅड आला. रविवारी अकराला चाचणी. मी पॅड टेबलावर उलगडला, तो उलगडत गेला, उलगडतच गेला. डावीकडून भिंतीवर चढला, उजवीकडून कपाटाला टेकून उभा राहिला आणि पुढून माझ्या मांडीवर आला. वायर लावली. सात रंगांची लाट भिंतीवर चढायची, उतरायची, माझ्या पोटावरून जायची आणि कपाटात शिरायची. इतकं सुंदर काही आमच्या घरात याआधी आलं नव्हतं, आणि इतकं निरुपयोगीही.

आईने टेप लावला. "एकोणचाळीस? मी तर दाबासकट चौतीस दिले होते."

"दाबासकट?" बाबा म्हणाले. "अगं, मी त्यावर कटाई धरली."

दारातून डोकावणाऱ्या सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल हळूच काढून खिशात टाकली.

कुणी कुणाला रागावलं नाही. उलट तिघंही एकमेकांच्या धंद्याचं कौतुक करायला लागले. कटाईला किती सोडता, दाब किती धरता, अशी चर्चा चहा संपेपर्यंत रंगली. मी मात्र पॅडखाली बसून होते.

शनिवारी सकाळी बाबा आणि मी कुरियरच्या कचेरीत पॅड परत करायला गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी फॉर्म दिला. परत करण्याचं कारण: माल सदोष, माल चुकीचा, रंग नापसंत. मी तिन्ही परत परत वाचले. माल निर्दोष होता, मागवला तोच होता आणि रंगाविषयी तर माझी खोटं लिहायची छाती नव्हती. बाबा म्हणाले, "'इतर' असा रकाना आहे का?"

"इतरसाठी वेगळा फॉर्म आहे. तो सोमवारी मिळतो." त्यांनी चष्मा वर करून पावती बघितली. "आणि हा मापानं केलेला माल दिसतोय. तो परत होत नाही. माप कोणी दिलं होतं?"

"घरच्यांनी," मी म्हणाले.

"मग घरच्यांनाच परत करा."

रांगेतले चार जण हसले. मी पॅडची गुंडाळी खांद्यावर टाकून बाहेर पडले. ती इतकी लांब होती की दारात अडकली, आणि मग ते चारही जण मला मदत करायला आले, हे जास्त वाईट.

दुपारी सुतारकाकांनी टेबलच वाढवायचं ठरवलं. कपाट सरकवलं, टेबलाला फळी चिकटवली, आणि सुरेख चिकटवली. मग म्हणाले, "हात लावू नका. सोमवारपर्यंत वाळेल."

"काका, चाचणी उद्या आहे."

"मग सोमवारनंतर एखादी चाचणी नाही का?"

टेबल गेलं. बाबांना अपराधी वाटत होतं, म्हणून त्यांनी पॅड निम्म्या मापाचा करायला सारखा दुमडून त्यावर जाड बांधीव पुस्तकांची चळत ठेवली. कागदाला अशी घडी घातली की ती जन्मभर मोडत नाही, असं ते नेहमी सांगतात. खरं आहे. संध्याकाळी पुस्तकं काढली तेव्हा पॅडच्या बरोबर मध्ये एक कडक सरळ रेघ उभी होती, बाबांच्या हातच्या घड्यांसारखीच बिनचूक. माउस तिथे आला की टुणकन उडत होता.

मी गेले आणि इतिहासाची वही दप्तरातून काढून ठेवली. अकरा तर अकरा. वही तर वही.

आई शिलाईवर होती, पण तिने ते बघितलं. रविवारी सकाळी मी उठले तेव्हा तिने इस्त्री तापवली होती. ओला रुमाल पॅडवर पसरला, दिव्यांच्या कडेपासून चार बोटं लांब राहून इस्त्री टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. घासली एकदाही नाही. रुमाल उचलला तर रेघ गेलेली. मी हात फिरवला, मग डोळे मिटून फिरवला. काहीच लागलं नाही.

"कोटाचे खांदे असेच बसवतात," आई म्हणाली. मग तिने आपल्या कापायच्या टेबलाकडे बघितलं. त्यावर एका वकीलसाहेबांचा काळा कोट पसरलेला होता, दुपारी द्यायचा. तिने तो टेबलाच्या एका टोकाला ओढला, खडू, कात्री, टाचण्यांचा डबा सगळं तिकडे नेलं आणि निम्म्याहून जास्त टेबल हाताने साफ केलं.

त्या टेबलावर आजवर मला कंपासपेटीसुद्धा ठेवू दिलेली नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं.

बाबा आणि सुतारकाकांनी संगणक उचलून आणला. पॅड टेबलावर पसरला, कुठेही न चढता, न लोंबता, जणू त्याच टेबलाचं माप घेऊन केलेला. फक्त एक अडचण होती. टेबल कंबरेइतकं उंच आणि घरातली एकही खुर्ची तिथवर पोचेना.

"उभी राहा," आई म्हणाली. "मी कशी राहते?"

पावणेअकराला बाईंनी सराव सुरू करून दिला. समोरचे गोल मी पटापट टिपत होते, पण गोल खेळातल्या माझ्या पाठीमागे, पडद्याबाहेर आला की गोंधळ. पूर्ण वळायला माउस तीनदा उचलून पुन्हा ओढावा लागे, तोवर गोल गायब. दहापैकी पाच. पुन्हा दहापैकी पाच. टेबलाच्या पलीकडून आई बघत होती.

"मनगट मोडतेयस. एवढी जागा पडलीय, वापर ना. खांद्यातून हात ने. लांब कापड काय मी बोटांनी कापते?"

"मागून कोण सूचना देतंय?" बाईंचा आवाज आला.

"मी आई तिची."

"सराव आहे तोवर बोला. मग गप्प बसायचं."

"बसत नाही मी, उभी असते," आई म्हणाली, आणि खरंच गप्प झाली. पण जाता जाता एक काम तिने केलं. दिव्यांचं बटण दाबलं. लाट गेली, इंद्रधनुष्य गेलं, आणि कडेने एकच शांत पांढरा उजेड राहिला.

"आई, कॅप्टनला सात रंग दाखवायचेत."

"सात रंगांत डोळा कशावर ठरवायचा? एक ठेव."

अकरा वाजले. पहिला गोल समोर, टिपला. दुसरा मागे. मी मनगट सोडलं आणि खांद्यातून हात नेला, पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओढीत. पडदा गर्रकन फिरला आणि गोल समोर. टिपला. पलीकडे आईने कापायला सुरुवात केली होती. तिची कात्री कचकच करत नाही, तिचा एकच लांब आवाज येतो, मग थांबते, मग पुन्हा लांब. मला कळायच्या आत माझा हात त्या आवाजाबरोबर जायला लागला. लांब, थांब. लांब, थांब. घाई करावीशी वाटत होती तिथे कात्री घाई करत नव्हती, म्हणून मीही केली नाही. चार गोल चुकले. बाकी कुठले आले आणि कुठे गेले, मला आठवत नाही.

"सव्वीस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा मोजले. "सव्वीसच."

बाबांनी सुतारकाकांचा हात इतका जोरात दाबला की काकांची पेन्सिल मोडली.

कॅप्टनही बाईंबरोबर चाचणी बघत होती. आता म्हणाली, "कॅमेऱ्यात मागे कात्री दिसतेय. कोण आहे?"

"आई. कटिंग मास्टर आहे." हे मी पहिल्यांदा कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. छान वाटलं.

"हात तिच्यासारखाच चालतोय तुझा," कॅप्टन म्हणाली. "बाई, पाचवी जागा मास्टरला देऊन टाका."

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. तिने कात्री खाली ठेवली आणि वाकून कॅमेऱ्यासमोर आली.

"मास्टर व्हायला मला बारा वर्षं लागली," ती म्हणाली. "हिला सध्या हेल्पर म्हणा."

तर आता संघात माझं नाव हेल्पर आहे. मला ते इतकं आवडतं की नळापाशी कुणी हाक मारली की मी मुद्दाम दोनदा मारायला लावते.

पॅड मात्र पुन्हा माझ्या टेबलावर आलेला नाही. फळी वाळली, टेबल वाढलं, त्याला जागा झाली, तरी आला नाही. कारण त्या दिवशी दुपारी आईने काळ्या कोटाला काळ्या धाग्याने अस्तर लावायला घेतलं आणि कोट त्या पांढऱ्या उजेडाजवळ ओढला. वर्षभर ती मला हाक मारून विचारायची, टाका कुठे पडलाय बघ गं जरा. त्या दिवशी हाक आली नाही. मी जाऊन बघितलं तर ती मान वाकवून भराभर टाके घालत होती.

"काळ्यावर काळा दिसतोय," ती मान वर न करता म्हणाली. "चांगला निवडलास."

सकाळी त्यावर कोट असतात, संध्याकाळी मी असते. वकीलसाहेब कोट न्यायला आले तेव्हा बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिले आणि मग हळूच विचारलं, हे कोटाच्या आतून लावता येईल का. आईने नाही सांगितलं, पण दाबाचा विचार करून सांगितलं.

आता संघाच्या जर्सीचं माप पाठवायचंय. आईने टेप लावला, बाबांनी कागद पुढे ओढला, सुतारकाका दारात होतेच, कानावर नवी पेन्सिल. मी कागद माझ्याकडे घेतला आणि सगळ्यांना नीट बजावलं की या वेळी कुणीही काहीही वाढवायचं नाही.

मी आधीच वाढवलंय.